व्हेटस्टोन गावाची मोजपट्टी

दोन प्रतिस्पर्धी प्रोसेसरांपैकी वेगवान कोणता, हे ठरवण्यासाठी दोन्हींवर एकच प्रोग्राम चालवून वेळ मोजावा, ही कल्पना सरळ आहे. पण त्या प्रोग्रामात काय असावे, या प्रश्नाचे पहिले गाजलेले उत्तर इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातल्या व्हेटस्टोन गावाचे नाव लावते. या इंग्रजी शब्दाचा अर्थ धार लावण्याचा दगड असा असल्यामुळे यंत्राची धार पारखणारी चाचणी म्हणून हे नाव पडले असावे, असा समज सहज होतो, पण तो खरा नाही. तेथे इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा अणुशक्ती विभाग होता आणि ब्रायन रँडेल व लॉफर्ड रसेल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी केडीएफ-९ या संगणकासाठी अल्गोल-६० भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारे साधन, तेथेच घडवला.

याच संगणकासाठी किड्सग्रोव्ह येथे दुसरा कंपायलर तयार झाला होता आणि सारी कथा या दोहोंतील फरकावर उभी आहे. किड्सग्रोव्हचा कंपायलर भाषांतराला वेळ घेई, पण अनावश्यक काम गाळून वेगवान प्रोग्राम देई. व्हेटस्टोनचा कंपायलर मात्र प्रोग्रामचे मधल्या पातळीवरच्या १२४ प्रकारच्या आज्ञांत झटपट रूपांतर करी आणि त्या आज्ञा एकेक करून, काहीही न गाळता, पार पाडल्या जात. ही चाल संथ होती, पण कोणती आज्ञा किती वेळा आली हे तिच्यात मोजता येत असे. ब्रायन विचमन यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत तशी मोजणी केली आणि हॅरॉल्ड कर्नो यांनी १९७२ मध्ये तेच प्रमाण राखणारा एक कृत्रिम प्रोग्राम रचला; हीच व्हेटस्टोन चाचणी. त्याचे वर्णन दोघांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

मात्र ही चाचणी प्रोसेसराबरोबर कंपायलरचीही करामत मोजते, म्हणून प्रोसेसरांच्या तुलनेत अन्याय होऊ शकतो. त्या अन्यायाचे बीज विचमन यांच्या मोजणीतच होते. वारंवारतेच्या तक्त्यात आज्ञा किती वेळा आली एवढेच उरते, तिच्या उत्तराचा पुढे उपयोग झाला की नाही याची नोंद राहत नाही. आणि कंपायलर काम गाळताना नेमके तेच पाहतो. असे गाळलेले काम प्रोसेसरच्या खात्यावर वेग म्हणून जमा होते. कंपन्यांची लबाडी हे दुसरे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण चाचणीचे नावही न जाणणारा कंपायलर सर्वसाधारण नियमांनी निष्फळ आकडेमोड गाळू शकतो. तिसरे स्पष्टीकरण सारा दोष कृत्रिमतेला देते. परंतु स्पेक या संघटनेच्या १९८९ च्या संचातील मॅट्रिक्स-३०० हा खराखुरा सारणी-गुणाकार होता, तरी कंपायलरने गणिताचा क्रम बदलताच त्याचे आकडे असे फुगले की पुढच्या संचातून तो वगळावा लागला. मोजणी किड्सग्रोव्हच्या फलितावर झाली असती तर हा दोष बहुधा लवकर उघड झाला असता. मात्र ते फलित केडीएफ-९ पुरतेच असल्याने इतर यंत्रांशी तुलना अवघड झाली असती, हेही मान्य करावे लागते.

पुढची पिढी थोडक्यात सांगता येते. राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये पूर्णांकी कामासाठी ‘ड्रायस्टोन’ रचला. व्हेटस्टोनच्या उच्चारात ओलेपणाचा इंग्रजी शब्द ऐकू येतो, म्हणून हा कोरडा. व्हॅक्स-११/७८० या संगणकाचे सेकंदाला १७५७ फेरे हे त्याचे एकक ठरले आणि ते आजही लहान प्रोसेसरांच्या माहितीपत्रकांत आढळते. त्यातही मजकुराची नक्कल करणारा भाग कंपायलरांना सोयीचा ठरला, कारण त्या मजकुराची लांबी आधीच ठरलेली होती. म्हणून २००९ च्या कोअरमार्क या चाचणीत कंपायलरला आधी न कळणाऱ्या किमतींवर काम सोपवले गेले. तरीही २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या कंपायलरने मिळवलेले २,६०० हून अधिक निकाल सदोष ठरवले, कारण त्यातील एका सुधारणेमागे चाचणीच्या प्रोग्रामची पूर्वमाहिती होती आणि अन्य प्रोग्रामांना तिचा फारसा लाभ नव्हता.