जवस: काळी माती, थंडी आणि वाण

जवसाची लागवड पश्चिम आशियात सुरू झाली आणि ताम्रपाषाणयुगात हे पीक भारतीय द्वीपकल्पात पोहोचले होते, याची साक्ष नर्मदाकाठच्या नावडातोलीत सापडलेले दाणे आणि पुणे जिल्ह्यातील चांदोलीत तांब्याच्या मण्यांसोबत मिळालेला जवसाचा दोरा देतात. पुढे युरोपात उंच, सरळ वाढणारी झाडे धाग्यासाठी निवडली गेली. द्वीपकल्पात मात्र बुटकी, फुटवेदार आणि टपोऱ्या दाण्यांची झाडे तेलासाठी टिकली.

भारतातील जवसांमध्येही भेद होते; त्यांचा पद्धतशीर अभ्यास पुसा येथील संशोधन संस्थेत गॅब्रिएल हॉवर्ड आणि अब्दुर रहमान खान यांनी केला व १९२४ मध्ये भारतीय जवसाच्या प्रकारांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवस बारीक दाण्याचे, उथळ मुळांचे आणि उशिरा पिकणारे होते, तर काळ्या जमिनीतील जवस टपोऱ्या दाण्याचे, खोल मुळांचे आणि लवकर पिकणारे होते. विदर्भात हे पीक पावसाळा संपल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते. ती ओल वरून सुकत जाते आणि थंडीही लवकर ओसरते, म्हणून जे झाड मूळ खोल नेते आणि उन्हाळ्यापूर्वी बोंडे भरते तेच शेतकऱ्याच्या कणगीत बियाणे म्हणून उरते. ही निवड पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी आणि मातीने मिळून केली, हे संशोधनाच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

दाण्यात साधारणपणे ३५ ते ४५ टक्के तेल असते आणि त्यातील निम्म्याच्या आसपास वाटा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे तीन दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लाचा असतो. हे बंध हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तेलाचा कडक पापुद्रा बनवतात, म्हणूनच रंग आणि लिनोलियमच्या कारखान्यांकडून या तेलाला मागणी आली. त्याच गुणामुळे ते खवटही लवकर होते, तरी विदर्भाच्या स्वयंपाकघरात ते ताजे गाळून वापरले जात असे. या आम्लाचे प्रमाण वाणावर अवलंबून असते, पण दाणे भरताना हवा थंड असेल तर ते वाढते आणि उष्ण असेल तर घटते. उशिरा पेरलेल्या पिकाचे नुकसान त्यामुळे दुहेरी होते: उन्हाने दाणा आणि तेल दोन्ही हलके राहतात, शिवाय कळ्या पोखरणाऱ्या गादमाशीचा उपद्रव वाढतो.

आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा असू शकतो, हे दोन ठिकाणी दिसले. उत्तर डाकोटात हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात तांबेरा रोगाचा अभ्यास करताना ‘बॉम्बे’ हे भारतीय वाण ‘ओटावा ७७०बी’शी संकरित केले आणि झाडाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतील एक जनुक प्रतिसाद देतो, हा सिद्धांत मांडला. ऑस्ट्रेलियात ॲलन ग्रीन यांनी १९८० च्या दशकात दोन जनुकांतील उत्परिवर्तने एकत्र आणून लिनोलेनिक आम्ल दोन टक्क्यांच्याही खाली नेले, म्हणजे जवसाची ओळख असलेला गुणच जवळजवळ काढून टाकला. विदर्भासाठी मात्र उपयोगी तेच वाण ठरते, ज्याची परीक्षा कोरडवाहू काळ्या जमिनीत आणि तिथल्या आखूड थंडीत झालेली असते.