दुष्काळातली खरपुडी

काल बांधावर खुरपताना खरपुडीचे दोन कंद लागले. एक तिथंच सोलून कच्चा खाल्ला.

रॉक्सबर्गने १७९५ ला या वेलीला सेरोपेजिया बल्बोसा नाव दिलं. लोक कंद कच्चा अन् शिजवूनही खातात, हेही त्यानं लिहिलंय. आफ्रिकेच्या कोरड्या माळांवरही हिच्या भाऊबंदांचे कंद खातात. १८७६-७७ च्या दुष्काळात आपलं सोलापूर होरपळलं. पुढं डॉ. लिस्बोआंनी १८८६ च्या मुंबई गॅझेटियरात दुष्काळात खाल्लेल्या रानवनस्पती नोंदवल्या. बहात्तरला खडी फोडायला गेलेली आमची आजी सुकडीच्या जोडीला असलेच कंद उकरायची. तिनं दाखवली म्हणून मला वेल ओळखता येते, पोराला येत नाही.

दुसरा कंद परत पुरलाय. त्या बांधावर औंदा तणनाशक मारायचं नाही, असं गड्याला बजावलंय.