पटावरच्या तीन बहिणी

बुद्धिबळाच्या पटावरचा घोडा अडीच घरेच चालतो. चालवणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे तो पाहत नाही. माणसे मात्र ते पाहत आली. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९२७ साली लंडनला प्रथम झाली आणि व्हेरा मेंचिक हिने ती जिंकली. पण पट वेगळा तो वेगळाच राहिला.

आपल्या देशात हा प्रश्न ऐरणीवर आणला तो मुंबईच्या गिरगावातल्या एका घराने. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली वासंतीने जिंकली. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठे काहूर उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्वाळा दिला, की स्त्री म्हणून कोणालाही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणीने आशियाई महिला विजेतेपद मिळवले.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. हा किताब स्त्रीपुरुषांना एकच आहे.

शिक्षकहो, शाळेत पट एकच असला तरी चालेल. त्याच्या एका बाजूला मुलगा बसला, तर दुसऱ्या बाजूला मुलीला बसवा. इतके आपल्या हातचे आहे.