कमळांखालचे देऊळ

ओसाकाच्या उपसागराला पश्चिमेकडून अडवून बसलेले आवाजी हे बेट जपानी पुराणकथेत फार मानाचे आहे. इझानागी व इझानामी ह्या आदिदंपतीच्या पोटी जी बेटे जन्मली त्यांत पहिले हेच, अशी तेथील लोकांची श्रद्धा. ह्या बेटावर समुद्राकडे पाहणाऱ्या एका टेकडीवर होम्पुकुजी नावाचे शिंगोन पंथाचे मंदिर आहे. १९९१ साली त्याचा नवा मंडप बांधून पुरा झाला. देवळाच्या जीर्णोद्धाराची चर्चा जेथे जेथे चालते तेथे त्याची हकीकत कळावी, असे आम्हांस वाटते.

शिंगोन पंथ आपणांस वाटतो तितका परका नव्हे. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई नावाच्या भिक्षूने तो चीनमधून जपानात नेला. परंतु त्याचे मूळ भारतातील तांत्रिक बौद्ध धर्मात आहे. मंत्र, मुद्रा आणि मंडल ह्यांवर त्याची उपासना उभी आहे. त्याचे पुरोहित सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे अद्यापि गिरवितात, आणि आपला होम तेथे ‘गोमा’ ह्या नावाने आजही प्रज्वलित होतो. अशा मंदिराच्या आश्रयदात्या घराण्यांना आमच्या गोव्याच्या भाषेत ‘महाजन’ म्हटले तर फारशी चूक होणार नाही. देवळाचा खर्च, पूर्वजांची श्राद्धकर्मे, दफनभूमीची व्यवस्था, सारे त्यांच्याच भोवती फिरते.

ह्या महाजनांपुढे नव्या मंडपाचा आराखडा घेऊन जो मनुष्य उभा राहिला, त्याचे नाव तादाओ आन्दो. १९४१ साली ओसाका येथे जुळ्या भावंडांपैकी एक म्हणून त्यांचा जन्म झाला, व आईच्या आईने त्यांस आपल्या घरी वाढविले. शेजारच्या सुताराच्या कारखान्यात लाकडाशी खेळतच त्यांचे बालपण गेले. तरुणपणी काही काळ त्यांनी मुष्टियुद्धाचा धंदा केला. वास्तुशास्त्राचे विद्यालयीन शिक्षण त्यांस लाभले नाही. चंडीगडचे शिल्पकार म्हणून आपणांस परिचित असलेले ल कोर्बुझिए ह्यांच्या आराखड्यांचे जुने पुस्तक मिळवून त्यातील रेषा पुन्हा पुन्हा गिरविणे, हीच त्यांची गुरुगृहीची सेवा. १९६५ मध्ये सैबेरियाच्या रेल्वेने ते युरोपात गेले. गुरूचे दर्शन मात्र घडले नाही. आन्दो पॅरिसला पोहोचण्याच्या थोडे आधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टात, ल कोर्बुझिए निवर्तले होते. परतीच्या सागरप्रवासात त्यांनी भारतभूमीवर पाय ठेवला व गंगाकाठची वाराणसी पाहिली. १९६९ साली ओसाकात त्यांनी आपली कचेरी थाटली.

प्रथम त्यांचे नाव गाजले ते १९७६ सालच्या सुमियोशी येथील एका चिमुकल्या घरामुळे. सुमारे सव्वातीन मीटर रुंद आणि चौदा मीटर लांब अशा चिंचोळ्या जागेत त्यांनी घराचे तीन भाग केले आणि मधला भाग आपल्या वाड्याच्या चौकाप्रमाणे आभाळाला मोकळा सोडला. पावसाळी रात्री निजावयाच्या खोलीतून न्हाणीघराकडे जावयाचे तर छत्री घ्यावी लागते! ह्या हट्टाचे कौतुक करावे की त्या गृहिणीची कणव करावी, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. १९८९ मध्ये ओसाकाजवळील इबाराकी येथे बांधलेल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातही हाच हट्ट दिसतो. वेदीमागील भिंतीत क्रुसाच्या आकाराची फट ठेवून त्यातून केवळ उजेड आत घ्यावा, तिला काचही लावू नये, असे त्यांच्या मनात होते. उपासकांनी थंडीचे कारण सांगून काच लावून घेतली. पैका इतका अपुरा होता की जमीन व बाके बांधकामाच्या परातीच्या फळ्यांची केली. उपासकांनी आपले म्हणणे राखले, शिल्पकाराने आपले. आणि इमारत दोघांचीही झाली.

होम्पुकुजीत प्रसंग याहून कठीण होता. जपानी देवळाची ओळख म्हणजे त्याचे भव्य, उतरते छप्पर. दूरवरून तेच दिसते व तेच वंदिले जाते. आन्दोंनी ते छप्परच काढून टाकले. त्यांच्या आराखड्यात मंडप भूमीखाली होता, आणि त्याच्या माथ्यावर सुमारे चाळीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असे लंबवर्तुळाकार तळे होते, कमळांनी भरलेले. भाविकांनी तळ्याच्या मधोमध कापलेल्या जिन्याने, पाण्याच्या पोटात शिरल्याप्रमाणे, खाली उतरावयाचे. महाजन एकमुखाने विरोधात गेले, असे स्वतः आन्दोंनीच सांगितले आहे. देवाच्या डोक्यावर पाणी साठवावयाचे ही कल्पना कोणास रुचणार? छप्पर गळण्याची भीती तर वेगळीच. अखेर एका वयोवृद्ध धर्मगुरूने तो आराखडा पाहिला आणि कमळात प्रवेश करून बुद्धाकडे जाणे ह्याहून अधिक योग्य ते काय, असा कौल दिला. तेव्हा विरोध मावळला.

आता ह्या कौलात केवळ वडीलधाऱ्यांचा मान होता असे आम्हांस वाटत नाही. बुद्ध कमळावर बसतो हे प्रत्येक महाजन लहानपणापासून पाहत आला होता. आराखडा त्याच पद्मासनाचा आहे, एवढेच कोणी त्यास सांगितले नव्हते. परंपरा म्हणजे छपराचा आकार की त्या आकाराआधीचा भाव, हा प्रश्न आम्हांसही नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे तिसवाडी-साष्टीतले देव फोंडा महालात आले. पुढे तेथे जी देवळे उभी राहिली त्यांवर घुमट चढले, अष्टकोनी मनोरे चढले, आणि चर्चच्या धर्तीच्या कमानी आल्या. आज त्यांनाच आम्ही जुनी पद्धत म्हणतो. अर्थात ह्याचा आधार घेऊन कोणीही उठावे आणि देवळाचे शिखर उतरवावे, असे आम्ही म्हणत नाही. आन्दोंच्या आराखड्यामागे कमळ होते. नुसत्या नावीन्याच्या हौसेमागे काहीच नसते.

प्रत्यक्ष वाटही लक्षात घेण्यासारखी आहे. पांढऱ्या खडीवरून चालत गेल्यावर प्रथम काँक्रीटची एक उंच सरळ भिंत आडवी येते. तिच्यातील दारातून शिरावे तो पुढे दुसरी, वाकलेली भिंत. देऊळ कोठेच नाही! त्या दोहोंमधून वळून गेले की एकाएकी तळे, आणि त्यापलीकडे डोंगर. जिना उतरताना उजेड मंदावत जातो आणि खाली सारे शेंदरी रंगाचे आहे: खांब, जाळ्या, भिंती. मूर्तीच्या पाठीमागची बाजू पश्चिमेस उघडते. सूर्य कलला की त्या बाजूने किरण शिरतात आणि सगळा गाभारा पेटल्यासारखा लाल होतो. ही युक्ती मात्र जुनी आहे. ह्याच प्रांतात ओनो येथील जोदोजीचा ११९२ सालचा मंडप आहे; तेथेही अमिदाच्या मूर्तीमागून पश्चिमेचा उजेड येऊन तांबडे खांब उजळतात. ज्या माणसाने छप्पर मोडले, त्यानेच आठशे वर्षांपूर्वीचा सूर्यप्रकाश जसाच्या तसा ठेवला.

१७ जानेवारी १९९५ रोजी ह्याच बेटाच्या उत्तर टोकाशी महाभूकंपाचे केंद्र होते. कोबे शहर उद्ध्वस्त झाले, सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तळे व मंडप टिकून राहिले. त्याच वर्षी आन्दोंना वास्तुशिल्पातील प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. त्याची एक लक्ष डॉलरची रक्कम त्यांनी भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी दिली, आणि मृतांच्या स्मरणार्थ पांढऱ्या फुलांची झाडे लावण्याचा उद्योग आरंभिला.

पुढे २००० साली एहिमे प्रांतातील साइजो येथे कोम्योजी मंदिर बांधताना त्यांनी काँक्रीट बाजूस ठेवून लाकूड हाती घेतले व मंडपाभोवती पाणी खेळविले. २०१५ साली सप्पोरोच्या एका दफनभूमीत त्यांचे आणखी एक काम झाले. तेथे बुद्धाची साडेतेरा मीटर उंच पाषाणमूर्ती कित्येक वर्षे उघड्या माळावर उभी होती. आन्दोंनी तिच्याभोवती मातीची टेकडी रचली व तीवर लॅव्हेंडरची रोपे लावली. आता दुरून येणाऱ्यास फुलांवर टेकलेला मस्तकाचा शेंडा तेवढा दिसतो. उरलेल्या दर्शनासाठी बोगद्यातून चालत मूर्तीच्या पायाशी जावे लागते.