खारट घामाचा इतिहास



गुरुजनांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेत वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण मी आपणांपुढे ठेवीत आहे. 'सिस्टिक फायब्रोसिस' हा आनुवंशिक रोग हिंदुस्थानात जवळजवळ नाहीच, असे दीर्घकाळ मानले गेले. त्या समजुतीची किंमत कोणी मोजली, हा माझ्या विवेचनाचा रोख आहे.

ज्या बाळाच्या कपाळाचे चुंबन घेताना ओठांना खारट चव लागते ते बाळ फार जगत नाही, अशी युरोपात जुनी लोकसमजूत होती. तिचा उलगडा व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. डोरोथी अँडरसन या विदुषीला स्त्री म्हणून शस्त्रक्रियेचे क्षेत्र नाकारले गेले. ती विकृतिशास्त्राकडे वळली. न्यूयॉर्कमध्ये एका मृत बालकाची तपासणी करताना, सीलिअ‍ॅक रोग म्हणून नोंदलेल्या त्या देहात तिला स्वादुपिंडाची वेगळीच विकृती आढळली. तशी एकोणपन्नास प्रकरणे जमवून तिने १९३८ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी अशी बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंतही पोहोचत नसत.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्म्याने कोसळलेल्या मुलांत या रोगाची मुले पुष्कळ आहेत, हे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. पॉल डी सांत आन्येझे यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण फार अधिक असते, हे १९५३ मध्ये सिद्ध केले. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी घामाच्या तपासणीची सुरक्षित पद्धत दिली. निदानाचा मुख्य आधार आजही तीच आहे.

घाम खारट का, याचे उत्तर १९८९ मध्ये मिळाले. लॅप-ची त्सुई, जॅक रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरील जनुक हुडकून काढले. पेशीच्या आवरणातून क्लोराइड जाऊ देणारे एक द्वार या जनुकाच्या आज्ञेने घडते. १४८० घटकांच्या त्या प्रथिनातला ५०८ वा एकच घटक गळला, की त्याची घडी बिघडते आणि पेशी ते पृष्ठभागी पोहोचण्यापूर्वीच नष्ट करते. द्वार नसल्याने घामातले मीठ शरीरात परत शोषले जात नाही. फुप्फुसांत पाण्याचा अंश उणा पडून कफ चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, पाचकरस आतड्यात उतरत नाहीत, आणि भरपेट जेवूनही मूल वाळत जाते.

आता आपल्याकडे वळू. कफ, वारंवार न्यूमोनिया, तेलकट जुलाब, खुंटलेली वाढ ही लक्षणे आपल्या देशात क्षय, दमा वा कुपोषण या नावांखाली सहज खपतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय मुलांतील या रोगाची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. तरी 'हा गोऱ्यांचा रोग' ही समजूत हटली नाही. युरोपात सर्वाधिक आढळणारा दोष आपल्याकडे त्या मानाने कमी आढळतो. त्यामुळे तेथील रुग्णांसाठी बेतलेली जनुकचाचणी येथे अपुरी पडते. जेथे घामाची तपासणीच होत नाही, तेथे रोग दुर्मिळच ठरणार! ज्यांच्या आजाराला अखेरपर्यंत नाव मिळाले नाही, त्या मुलांनी ही किंमत मोजली.

दुसरी किंमत मातांनी मोजली. मूल दगावले की बोट आईकडे वळते. वास्तविक हा दोष आई व बाप या दोघांकडून आला तरच रोग होतो. दोघेही निरोगी वाहक असता प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता चारांत एक असते. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे. एकाच पूर्वजाचा दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. हे सांगताना कोणाच्या कुळाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. वाहक असणे हा अपराध नव्हे.

२०१२ पासून या द्वाराची क्रियाच सुधारणारी औषधे उपलब्ध होऊ लागली. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन द्रव्यांच्या संयुक्त औषधाने असंख्य रुग्णांचे आयुष्य पालटले आहे. परंतु तेथील त्याची वार्षिक किंमत तीन लाख डॉलरांच्या घरात होती, आणि ते प्रत्येक जनुकदोषावर चालतही नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्यापैकी जे डॉक्टर, शिक्षक वा आजी-आजोबा आहेत, त्यांनी खोकणाऱ्या, खाऊनही न भरणाऱ्या मुलाच्या आईचे म्हणणे पुरते ऐकावे. बाळाचे अंग खारट लागते, असे ती म्हणाली, तर तिला हसू नये. घामाची तपासणी करवून घ्यावी.