घेवड्याचा नैवेद्य

आमच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे स्वामी भिक्षा मागत फिरले. ‘गुरुचरित्रा’त कथा आहे, अमरापूरची. घरात धान्याचा दाणा नव्हता, तेव्हा गृहिणीनं दारच्या घेवड्याची भाजी वाढली. स्वामी तृप्त झाले, पण जाताना त्यांनी वेलच उपटला. मुळाशी धनाचा कुंभ सापडला, म्हणतात. दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी लागते ती तेव्हापासून.

याच ग्रंथात पुढे बेदरचा मुसलमान राजा येतो. स्वामी त्याला पूर्वजन्मीचा परीट भक्त म्हणून ओळखतात.

आमच्या कुंपणावरचा घेवडा शेजारच्या नैवेद्याला जायचा. उरलेला आमच्या हंडीत. अम्मीला मी ही कथा सांगितली. कुंभाचं तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली, “मगर बेल कायकू उखाडे?”