चाकं बदलायची की टायर?

पेणहून वडखळ, नागोठणे, तिथून भिसे खिंड चढून रोहा. माझा रविवारचा ठरलेला रस्ता. मागच्या महिन्यात हायवेवरच्या एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि 'टंग' असा आवाज आला. तार तुटली होती. चाक आउट होऊन ब्रेकला घासायला लागलं. ब्रेक सैल केला, तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली आणि हळूहळू रोह्यापर्यंत पोचलो. तिथल्या सायकलवाल्या काकांनी डब्यातून हायब्रिड सायकलची एक तार काढली, जुनीशी मापून पाहिली, बसवली. चेनच्या उलट्या बाजूची होती म्हणून फ्रीव्हील खोलावं लागलं नाही. अर्ध्या तासात मी परत रस्त्यावर.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "स्टॉक चाकं कसली वापरतोस? कार्बनची घे." माझी सायकल ५५ हजारांची. तो म्हणतोय ती चाकं ४५ हजारांची. पैसे साठवलेत ते २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी. त्याआधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड वेळेत पूर्ण कराव्या लागतात. ६०० ला ४० तास मिळतात. चाकाने दगा दिला तर वर्ष गेलं. चाकांवर पैसे घातले तर विमानाचं तिकीट गेलं.

म्हणून खरेदीच्या व्हिडिओंऐवजी चाकाचा इतिहास वाचत बसलो.

बैलगाडीचं चाक तुम्ही पाहिलं असेल. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाड लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. सगळा भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. सायकलची तार अशी उभी राहूच शकत नाही, दाबली की वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकंच. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८०८ मध्ये मांडली, तीही उडत्या यंत्रासाठी. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने तारा तुंब्यातून तिरक्या काढून एकमेकींवरून नेल्या. रोह्याच्या काकांनी बसवलेली माझी तार तशीच तिरकी आहे.

पण सायकलचा वेग खरा वाढवला तो रबराने. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकावर गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू तसले टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला. तो कुणी मोठा विजेता नव्हता, तरी जिंकला. अडचण एकच होती, पंक्चर. टायर चाकाला चिकटवलेला असायचा. तो सोडवा, जोडा, पुन्हा चिकटवून वाळू द्या, यात तासन् तास जायचे.

फ्रान्समधल्या मिशलॅंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, सुमारे १२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. शार्ल तेराँ ती सुमारे ७१ तासांत जिंकला, याच सुट्या टायरवर. म्हणजे ज्या राइडसाठी मी पैसे साठवतोय, तिच्या पहिल्याच खेपेला जिंकला तो रस्त्यावर बसून दुरुस्त करता येणारा टायर. हे वाचून मला त्या ४५ हजारांचा पहिल्यांदा संशय आला.

उलटी बाजूही सांगायला हवी, कारण जुनं धरून बसणारे नेहमी बरोबर असतात असं नाही. टूर द फ्रान्स सुरू करणारा आँरी देग्रांज लाकडी रिमचा हट्टी होता. धातूची रिम उतारावर ब्रेकने तापते आणि टायरचा डिंक सैल होतो, ही भीती सांगितली जायची. मग १९३४ मध्ये आँतोनँ मान्यने म्हणे मॅव्हिक कंपनीची ॲल्युमिनियमची रिम लाकडासारखी रंगवून वापरली. रंगाची गोष्ट खरी की खुलवलेली, कोण जाणे. मान्य ती टूर जिंकला हे मात्र खरं. तापण्याची भीतीही अगदीच खोटी नव्हती. आज रिमब्रेकच्या कार्बन चाकांना लांब घाटउतारावर तोच त्रास होतो. कोलाडवरून विळ्यामार्गे ताम्हिणी चढून जाणाऱ्यांना परत उतरायचंही असतं.

आपल्याकडच्या चोवीस इंची सायकलीची चाकं वेगळ्याच हिशोबाची. पुढे ३२ तारा, मागे ४०, इंग्रजांच्या मापाप्रमाणे. मागे जास्त, कारण कॅरिअरवर दुधाच्या किटल्या, तांदळाचं पोतं किंवा बायको-पोर. वेग कुणी मागितलाच नव्हता. एक तार तुटली तर उरलेल्या ३९ घरी नेतात.

महागड्या चाकांत नेमकं हेच उलट. तारा कमी, कधी १६, कधी २०. एक तुटली की चाक इतकं वाकडं होतं की फ्रेमला घासतं. आणि बऱ्याचदा ती तार त्या कंपनीचीच लागते. रात्री दोन वाजता महाडजवळ ती कुठे शोधायची?

मग फायदा किती? माझं, सायकलचं आणि सामानाचं वजन मिळून ८५ किलो. नवी चाकं ४०० ग्रॅमने हलकी. अर्धा टक्काही नाही. दहा मिनिटांच्या चढावर साधारण ३ सेकंद वाचतील. उंच रिम वारा कापते हे खरं, पण ते जाणवतं ताशी ४० च्या आसपास. मी २५ ने जातो. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या हायवेवर ताशी ४० ने सायकल हाणण्याची माझी तरी छाती नाही.

हाच हिशोब तुम्ही रोज शर्यतीत उतरत असाल, मागे गाडीत दुसरं चाक घेऊन कुणी येत असेल, तर उलटा लागेल. तेव्हा खुशाल घ्या.

मी २५ मिलिमीटरचे टायर काढून २८ चे, मऊ धाग्यांचे मागवले. आधी ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये जागा आहे का ते मोजलं. आहे, जेमतेम. येत्या रविवारी दोन्ही चाकं काकांकडे ठेवणार आहे. सगळ्या तारांचा ताण बघून आउट काढायला ते अर्धा दिवस मागतात. त्याच मापाच्या चार तारा जादाच्या घेऊन सीटखाली टेपने चिकटवणार आहे, आणि तार बसवायची कशी ते त्यांच्याकडून शिकून घेणार आहे. चेनच्या बाजूचीसुद्धा.